उलटा पोळपाट

कोपर्ड्यांच्या घरात भांडण होत नसे. म्हणजे सुरू होत असे, पण पूर्ण होत नसे. आवाज एका ठरावीक पट्टीपर्यंत चढला की दोघांपैकी कुणीतरी म्हणे, "पोळपाट उलटा करा," आणि पुढे सगळं शांत. मिरजेतल्या त्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, ही इकडची एखादी शिवी असावी.

लग्न झालं तेव्हा उदय कोपर्डे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणं इंजिनिअर बांधतात, पण ती कागदावर आधी आरेखक बांधतो, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ऐकायला इंजिनिअर सहसा थांबत नसत. नव्या संसारातलं पहिलं भांडण पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावरून झालं. तेव्हा उदयरावांनी सागवानी पोळपाट पालथा घातला आणि त्याच्या तीन पायांच्या मधोमध शाईने नवकंकरीचा पट आखला. एकात एक तीन चौकोन आणि त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा. नवऱ्याची नऊ बटणं, बायकोचे नऊ चिंचोके. आळीपाळीने मांडायचे, मांडून झाले की रेघेवरून शेजारच्या घरात सरकवायचे. आपले तीन एका रेघेत आले की ती 'तिकटी', आणि तिकटी झाली की समोरच्याचं एक उचलायचं. समोरच्याची तीनच उरली की डाव संपला. शास्त्रानुसार दोन उरेपर्यंत खेळायचं असतं, पण कोपर्ड्यांकडे तोवर कुकरच्या शिट्ट्या होत.

जिंकेल त्याचं ऐकायचं. हरेल त्याने त्या संध्याकाळच्या पोळ्या लाटायच्या. मधेच हार मानायची सोय नव्हती.

पहिला डाव उदयराव जिंकले. पंखा तीनवर गेला तो पुढे कायम तीनवरच राहिला. त्यानंतर पडद्यांचा रंग, कपाटाची जागा, गणपतीला आरास किती, हे सगळे डाव उदयरावांनीच मारले. आपण या खेळातले वाघ आहोत याबद्दल त्यांना शंका नव्हती. एवढंच खटके की मोठ्या प्रसंगी ज्योत्स्नाबाईंना नशीब साथ देई. चंद्रपूरची बदली घ्यायची की नाही, तो डाव त्या जिंकल्या. पुरानंतर तळमजला मोकळा सोडून घर वर चढवायचं, तोही त्याच जिंकल्या. मुलीचं नाव ऋतुजा पडलं त्या संध्याकाळी उदयरावांनी लाटलेल्या पोळ्या बाळंतिणीसकट सगळ्यांनी निमूट चावल्या होत्या. ऋतुजाला तर लहानपणापासून ठाऊक होतं, की बाबा पोळपाटाशी उभे दिसले म्हणजे घरात काहीतरी मोठं ठरलेलं आहे.

आता उदयराव सत्तरीत होते. आताशा म्हाताऱ्या माणसांची नावं उदय, मिलिंद, मंजुषा अशी असतात. ज्यांना पटत नसेल त्यांनी कुठल्याही बागेतल्या बाकांपाशी जाऊन हाक मारून बघावी.

त्या वर्षी दिवाळीला ऋतुजाने पुण्याहून दोघांसाठी दोन 'सोबती' चष्मे पाठवले. चष्म्याच्या बिजागरीत तिळाएवढा कॅमेरा, काडीत गव्हाच्या दाण्याएवढा स्पीकर. औषधाची वेळ सांगायची, पायरी आली की सावध करायचं, समोरून येणाऱ्या माणसाचं नाव कानात पुटपुटायचं, आणि काडीवरची कळ दाबली तर सल्ला द्यायचा. एवढं काम त्याच्याकडे होतं. उदयरावांनी तो लगेच डोळ्यांवर चढवला. ज्योत्स्नाबाईंनी आपला कपाटात ठेवला. "मला माणसं ओळखू येतात," त्या म्हणाल्या, "आणि जी ओळखू येत नाहीत ती येऊच नयेत."

तीन महिने सगळं सुरळीत होतं. मग ऋतुजाचा फोन आला. तिच्या दारासमोरचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होत होता. मालक ओळखीचा, गुढीपाडव्यापर्यंत थांबायला तयार. "या ना आता दोघं," ती म्हणाली. "मिरजेत काय ठेवलंय?"

"घर ठेवलंय," उदयराव म्हणाले. "त्याची एकेक खिडकी मी आखलीय. दुपारी चार वाजता ऊन कुठवर यायचं ते मी ठरवलंय."

"मला जायचंय," ज्योत्स्नाबाई शांतपणे म्हणाल्या. "लेक आहे तिथे. आणि मला पोहायला शिकायचंय. त्यांच्या सोसायटीत तलाव आहे."

"या वयात? आणि पोहायलाच हवं तर इथे कृष्णा आहे की!"

"कृष्णेत मगरी आहेत."

आवाज पट्टीला पोचला. पोळपाट उलटा झाला.

आणि बटणं मोजता मोजता उदयरावांच्या लक्षात आलं की हा मोठा डाव आहे. मोठ्या डावाचा इतिहास त्यांना पाठ होता. त्यांनी चष्मा सारखा केल्यासारखं केलं आणि काडीवरची सल्ल्याची कळ हळूच दाबली.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. नवकंकरीचं कोडं संगणकाने गेल्या शतकातच सोडवलेलं आहे. कसं, तर उलटं चालत जाऊन. आधी ज्या मांडण्यांत डाव संपलेला आहे अशा सगळ्या मांडण्या घ्यायच्या. मग त्यांच्या एक चाल अलीकडच्या घ्यायच्या आणि प्रत्येकीवर शिक्का मारायचा, इथून जीत, इथून हार. मग त्यांच्याही अलीकडच्या. असं करत करत शेकडो कोटी मांडण्या मागे टाकत रिकाम्या पटापर्यंत यायचं. रिकाम्या पटावर शिक्का निघाला बरोबरीचा. म्हणजे दोघंही चुकली नाहीत तर कुणीच जिंकत नाही. माणसं हजारो वर्षं हा खेळ देवळांच्या पायऱ्यांवर खोदून खेळत आली, ती केवळ चुका करण्याच्या गुणावर. तेव्हा या सोडवणुकीला खोलीभर यंत्रं लागली होती. आता ती चष्म्याच्या काडीत मावते आणि कोपर्ड्यांच्या कुकरचा नियमही हिशेबात धरते.

"बाहेरचा चौकोन, वरची बाजू, मध्य," सोबती कानात म्हणाला. "उत्तम सुरुवात होईल, उदयजी."

उदयराव भराभर मांडत गेले. चौथ्या बटणाला ज्योत्स्नाबाईंनी मान वर केली. एरवी हा माणूस एका बटणासाठी गुडघा चोळतो, खाकरतो, 'हम्म' म्हणतो. आज मात्र देवळात लांबून घंटा ऐकावी तशी मान जरा तिरकी करतो आणि पटकन मांडून मोकळा होतो.

"थांबा हं," त्या म्हणाल्या, "गॅस बघून येते."

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर कपाटातला चष्मा होता. दोघांनी एकमेकांच्या चष्म्यांकडे पाहिलं. आणि दोघंही पुन्हा पटाकडे वळली. संसार जुना झाला की चोरीसुद्धा अशी समजूतदारपणे होते.

डाव बरोबरीत सुटला. दुसरा बरोबरीत सुटला. तिसऱ्या डावात तीच मांडणी तीनदा आली तेव्हा दोन्ही चष्मे एकाच वेळी "बरोबरी" म्हणाले, आणि पोळ्या कुणी लाटायच्या हा नवाच प्रश्न उभा राहिला. त्या संध्याकाळी त्यांनी भात खाल्ला.

पुढचा महिनाभर भातच खाल्ला.

कारण हे दुखणं पुण्यापुरतं थांबलं नाही. सगळाच कारभार पोळपाटावर चाललेला, आणि पोळपाट तर निकालच देईना. ज्योत्स्नाबाईंच्या मावसबहिणीला जेवायला बोलवायचं की नाही, बरोबरी. ती बिचारी अर्धवट आमंत्रणावर दारापर्यंत आली आणि चहा घेऊन गेली. पाण्याच्या टाकीचा रंग, बरोबरी. रंगारी एक बाजू निळी करून निघून गेला. वैतागून उदयरावांनी नाणं उडवायचं ठरवलं. नाणं हवेत असतानाच दोन्ही चष्म्यांनी त्याचा वेग नि गिरक्या मोजल्या, आणि नवराबायको एकाच दमात "छापा!" असं ओरडली. छापाच पडला.

"मग आता कोण जिंकलं?" उदयरावांनी विचारलं.

"नाणं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"तू चष्मा काढ, मी काढतो."

"तुम्ही आधी काढा."

"मी काढला आणि तू नाही काढलास तर?"

"मी काढला आणि तुम्ही नाही काढलात तर?"

दोघांचेही चष्मे नाकावरच राहिले. मोठमोठ्या राष्ट्रांचं ज्या ठिकाणी घोडं अडतं, तिथेच मिरजेत कोपर्ड्यांचंही अडलं होतं.

पाडवा चार दिवसांवर आला आणि ऋतुजाचा धीर सुटला. "बाबा, त्या मालकाला मी काय सांगू? येताय की नाही?"

"खेळतोय आम्ही."

"महिनाभर? दहा मिनिटांचा खेळ आहे तो!"

"तूच पाठवलेस ना चष्मे? भोग आता."

"मी औषधासाठी पाठवले होते! आईला दे फोन."

"आई बोलणार नाही. ती चालीचा विचार करतेय."

"ती कसला विचार करतेय, तिचा चष्मा करतोय," असं म्हणून ऋतुजाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाबाई भाजीला गेल्या होत्या. उदयराव गच्चीत अर्ध्या निळ्या टाकीसमोर उभे राहिले आणि ज्या मार्गाला आपण कधी जाणार नाही असं त्यांना वाटत होतं, त्या मार्गाला लागले.

"ऐक," ते चष्म्याला म्हणाले. "हिची कमजोरी शोध. ती नेमकी कुठे चुकते ते सांग. मी तिला बोलण्यात गुंतवून चष्मा काढायला लावतो. पुढे मला एकच डाव पुरे."

"हे मला करता येईल, उदयजी. सल्ला सुरू करण्याआधी तीन महिने तुम्ही मला घालून खेळत होतात. ते सगळे डाव मी पाहिलेले आहेत." सोबती म्हणाला. "अडचण अशी आहे, की ज्योत्स्नाजींच्या चुका खऱ्या नाहीत."

"म्हणजे?"

"माणसाची खरी चूक होते तेव्हा त्याचा डोळा बरोबर घरावर जातच नाही, किंवा जाऊन लगेच घसरतो. डोळ्याला जे दिसलं नाही ते हाताला कुठून कळणार? ज्योत्स्नाजींचा डोळा आधी बरोबर घरावर जातो. तिथे थांबतो. मग तुमच्या चेहऱ्याकडे जातो. आणि मग हात भलतीकडे जातो. यांत्रिक भाषेत याला चूक म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"मुद्दाम हरणं."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. उदयरावांनी गच्चीच्या कठड्याला धरलं. "किती वेळा?"

"त्या तीन महिन्यांत तुम्ही जिंकलात त्या प्रत्येक डावात. एक सोडून."

उदयरावांना जरा उभारी आली. "तो मी जिंकलो?"

"त्या वेळी दूध उतू जात होतं."

ज्योत्स्नाबाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा उदयराव दारातच उभे होते. "तू मुद्दाम हरतेस?"

"कोण म्हणालं?"

"चष्मा."

"चहाडखोर मेला," असं म्हणून त्यांनी मेथी ओट्यावर ठेवली.

"म्हणजे खरं आहे! इतकी वर्षं? पंखा? पडदे? गणपतीची आरास?"

"अहो, पंखा दोनवर असला काय नि तीनवर असला काय, मी पांघरूण घेते."

"मग सरळ हो म्हणायचंस! हा पोळपाटाचा खटाटोप कशाला?"

"सरळ हो म्हटलं की तुम्ही विचारता, मनापासून म्हणतेस ना? मग दिवसभर विचारता. रात्री उठवून विचारता. हरले की विचारत नाही. वर शिट्टी वाजवत फिरता." त्या मेथी निवडायला बसल्या. "घरात एक माणूस शिट्टी वाजवत फिरलेला बरा असतो."

"आणि मोठ्या वेळी?"

"मोठ्या वेळी मी खेळते."

उदयराव दुपारभर खिडकीपाशी बसून राहिले. वाघाला सत्तराव्या वर्षी कळावं की आपली शिकार रोज कुणीतरी झाडाला बांधून ठेवत होतं, तसं त्यांचं झालं होतं. राग कुणावर काढावा हेही कळेना. आपणच आखलेल्या खिडकीतून चारचं ऊन आपणच ठरवलेल्या फरशीपर्यंत आलं, त्याचाही त्यांना राग आला. शेवटी ते उठले, स्वतःचा चष्मा काढला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. ज्योत्स्नाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी आपलाही काढला आणि त्याच डब्यात टाकून झाकण लावलं. दोघांनी जुने चष्मे शोधले.

पोळपाट उलटा झाला. बटणं नि चिंचोके मांडून झाले. सरकवासरकवी सुरू झाली, आणि उदयरावांनी एक गोष्ट केली जी आजवर कधी केली नव्हती. पटाकडे बघायचं सोडून ते बायकोच्या डोळ्यांकडे बघू लागले.

बराच वेळ ते डोळे जिथे जात तिथेच हात जाई. बाई खरंच खेळत होत्या, आणि काय खेळत होत्या! उदयरावांची बटणं एकामागून एक उचलली गेली. ते घासत-पुसत, दोन-चार चिंचोके उचलत कसेबसे टिकून होते. मग ज्योत्स्नाबाईंची नजर पटावरून ओघळल्यासारखी खिडकीकडे गेली. खिडकीतून आत येणारं ऊन, त्यात बसलेला हा चिडका म्हातारा, दोन्ही त्यांनी पाहिलं. पुढच्या चालीला त्यांचा डोळा आतल्या चौकोनाच्या कोपऱ्यावर गेला, तिथे थांबला, उदयरावांच्या चेहऱ्यावर आला. आणि चिंचोका भलत्याच घरात जाऊन बसला.

उदयरावांना समोर तिकटी दिसत होती. आयती. बांधून ठेवलेली.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "हा मोठा डाव आहे."

"माहीत आहे मला. खेळा."

त्यांनी बटण उचललं आणि तिकटीचं घर सोडून दुसरीकडे ठेवलं.

"अहो, ती तिकटी दिसली नाही?"

"कुठली तिकटी?"

"डोळा तिथेच गेला होता तुमचा! हरायचं तर आधी डोळा आवरायला शिका. हरायलासुद्धा अक्कल लागते."

"मला नाही हरायचं. चूक झाली."

"मग मीही चुकते." आणि त्यांनी हातातोंडाशी आलेली तिकटी मोडली.

यानंतर मिरजेत जे घडलं ते त्या शेकडो कोटी मांडण्या पालथ्या घालणाऱ्या कुठल्याही संगणकाच्या हिशेबात नव्हतं. दोन माणसं जीव तोडून हरायला बघत होती. तिने दार उघडावं, त्याने बाहेरून लावून घ्यावं. चहा निवला. तांदळाच्या डब्यातून पुसट आवाज येत होते. चष्म्यांना काही दिसत नव्हतं, पण चिंचोक्यांची टकटक ऐकून ते अंदाज बांधत होते. "चूक," एकजण म्हणे. "घोडचूक," दुसरा म्हणे.

"यापेक्षा बरोबरी परवडली," ज्योत्स्नाबाई वैतागून म्हणाल्या.

उदयराव गुडघा चोळत होते. खाकरत होते. पटाकडे ते आता पट म्हणून बघत नव्हते. धरणाच्या नकाशाकडे बघावं तसं बघत होते. पाण्याला 'इकडे जा' म्हणून सांगता येत नाही, हे त्यांना खात्यात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बाकीच्या सगळ्या वाटा बंद कराव्या लागतात; मग पाणी आपोआप सांडव्यावरून जातं. त्यांच्याकडे चार बटणं उरली होती. त्यांनी एक सरकवलं. मग दुसरं. ज्योत्स्नाबाई बेसावधपणे मागे सरत राहिल्या, आणि उदयरावांनी चौथं बटण ठेवून हात मांडीवर घेतले.

ज्योत्स्नाबाईंनी चिंचोका उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. डावीकडे बटण. खाली बटण. सगळे चिंचोके कोंडलेले, पटावर हलायला मोकळं घर एकच. आणि त्या घरात कुठलाही चिंचोका नेला तरी तिकटी होणार होती. या रेघेत नाहीतर त्या रेघेत.

इतकं सुंदर उदयराव आयुष्यात कधी खेळले नव्हते.

"ही लबाडी झाली," त्या म्हणाल्या.

"डोळा आवरला की नाही मी?"

"मला हे घर सोडवत नाही असं नका समजू. पण तुमचं इथे—"

"मनापासून बोलतेस का, असं मी विचारणार नाही. चाल."

त्यांनी चिंचोका सरकवला. तिकटी झाली. एक बटण उचललं, तीन उरली. डाव संपला.

"पुणे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"पुणे," उदयराव म्हणाले. मग उरलेली तीन बटणं गोळा करत, "आणि तिथे पंखा?"

"तीनवर. तो तुम्ही जिंकलेला आहे."

"तू मुद्दाम हरली होतीस."

"जिंकलेलं ते जिंकलेलं. उठा, कणीक मळून ठेवलीय."

उदयरावांनी पोळपाट सुलटा केला. महिनाभराने घरात पोळीचा वास सुटला, त्यात करपल्याचा थोडा जास्तच होता. तेवढ्यात ऋतुजाचा फोन वाजला. तिचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू येत होता. "आई, उद्या त्या मालकाला शेवटचं सांगायचंय. आता तरी काही ठरलं का? की अजून खेळताय?"

ज्योत्स्नाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. "बाबा पोळ्या लाटतायत," त्या म्हणाल्या.

ऋतुजाने अगदी हळू, लहानपणी दाराआडून विचारायची तसं विचारलं, "गोल होतायत का गं?"

"एकही नाही."

"मग मी त्यांना हो सांगते," ऋतुजा म्हणाली.